वानखडे सिस्टरांचा हिवाळी वॉर्ड

वानखडे सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांशी बोलत नसत. चपला काढायच्या, पदर खोचायचा आणि अंगणात जी पहिली कुंडी दिसेल तिच्यात उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची. बोट मातीत, डोळे बारीक, बोलणं बंद. घरची बाई बसा म्हणतेय, चहाचं विचारतेय, आणि ह्या आपल्या गप्प. मग बोट बाहेर काढून अंगठ्यावर माती चोळायची आणि निकाल द्यायचा, "कायले पाणी पाजू पाजू मारून राह्यली वं तिले? तहान लागली म्हणे का ते तुले?"

माझ्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही हेच झालं. मी बाभुळगावात शाळेत विज्ञान शिकवते. बदली होऊन आले, कॉलनीत घर घेतलं, खिडकीत हौसेनं मनी प्लँट टांगला, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या फाटकातून एक ठेंगणी, सावळी बाई सरळ आत आली आणि माझ्या मनी प्लँटची नाडी पाहून गेली. निळ्या काठाची पांढरी साडी, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ. जाताना म्हणाली, "मॅडम, विज्ञान शिकवता म्हणे तुम्ही? शिकवा, शिकवा." असा राग आला होता म्हणता मला! पण आठ दिवसांत मनी प्लँट पिवळा पडून गळाला आणि राग मुकाट्यानं गिळावा लागला.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. सगळी नोकरी त्यांनी खेड्यांवर काढली, त्यातली निम्मी झरी जामणीकडे, जंगलातल्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर. रिटायर होऊन बाभुळगावला आल्या, पण नर्सपण काही रिटायर झालं नाही. नवरा आधीच गेलेला, मुलगी उमरखेडला सासरी. मग घरात पेशंट नाहीत म्हणून त्यांनी झाडांकडे मोर्चा वळवला. हे त्यांच्याच तोंडचं. "माणसं डॉक्टरले फी देऊनबी ऐकत नाईत," म्हणायच्या, "झाड फुकट ऐकते."

आमच्याकडे लोक उन्हाळ्यालाच भितात. बरोबरच आहे, मे महिन्यात इथं माणूस वाळतो तर झाडाचं काय घेऊन बसलात. पण सिस्टरांचं म्हणणं असं की उन्हाळ्यात झाड मेलं तर ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरतं, आणि थंडीत मरतं ते गपचूप. लोकांना वाटतं पानगळ आहे. म्हणून दिवाळीचे दिवे आवरले, सकाळच्या हवेत हिव आलं, की कॉलनीतली झाडं सिस्टरांच्या ओसरीवर भरती व्हायला लागायची.

ओसरी पूर्व-दक्षिणेला तोंड करून. उत्तरेच्या अंगाला तुराट्यांची ताटी बांधलेली, वारा अडवायला. आत भिंतीला लागून घरातली नाजूक झाडं, बाहेर पायरीवर जरा काटक. प्रत्येक कुंडीला जखमेवर लावायची चिकटपट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर बॉलपेननं: "राऊत, जास्वंद, उपाशी ठेवणे." "देशमुख, क्रोटन, सर्दी." "मॅडम शेजारच्या, अजून एक मनी प्लँट, नजर ठेवणे." ते 'अजून एक' मला फार लागलं होतं. कुंड्यांतल्या मातीवर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, जाड थर. दोरीवर जुन्या युनिफॉर्मच्या साड्या धुऊन वाळत घातलेल्या, संध्याकाळी पांघरायला.

त्यांचे नियम ठरलेले. खत बंद. "आजारी माणसाले पुरणपोळी चारते का कोणी?" छाटणी बंद. "हिवात कोणाचे कपडे काढते का?" पांघरूण घालायचं ते दिवस बुडायच्या आत, जमिनीत ऊन आहे तोवर. सूर्य पुरता वर आला की काढायचं. पांघरूण पानाला टेकू द्यायचं नाही, चार तुराट्या रोवून त्यांच्यावर टाकायचं, खाली जमिनीपर्यंत सोडायचं. आणि पाणी घालायचंच झालं तर सकाळी उन्हात, विहिरीचं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, टाकीचं नुसतं बर्फ. या सगळ्याच्या वर एक वाक्य होतं आणि ते दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं: "पह्यले कोरडं, मंग गरम." ओलं झाड आणि थंडी ही जोडी त्यांच्या लेखी सगळ्यात घातकी होती.

मी या नियमांतला एक मोडून पाहिला. विज्ञानाची ना मी! पपईच्या रोपावर प्लास्टिकची पिशवी घातली, खाली सुतळीनं आवळली. आत हवा गरम राहील, बाष्प राहील, हरितगृह म्हणतात ते हेच, मुलांनाही दाखवता येईल. दुसऱ्या दिवशी पिशवी तशीच ठेवून शाळेत गेले. दुपारी परत आले तर रोपाची भाजी झालेली. सिस्टर कुंपणापलीकडून बघत होत्या. संध्याकाळी एक जुनी साडी आणि चार तुराट्या माझ्या दारात ठेवून गेल्या.

त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या, सांगून ठेवते. चहा इतका वाईट करायच्या की प्यायला धैर्य लागायचं. गुलाबाला वॉर्डात जागा नव्हती, "नखरेल हाये, त्याले थंडी आवडते, जाऊ द्या त्याले तिकडं." कुणी पालापाचोळा पेटवला की भर रस्त्यात भांडायच्या. आणि हार अजिबात सोसायची नाही. एका हिवाळ्यात त्यांचा स्वतःचाच कढीपत्ता गेला, तर दोन दिवस फाटकाला आतून कडी. तिसऱ्या दिवशी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "माही चूक झाली. दुसऱ्याच्या पाहता पाहता घरच्याचं राह्यलं." बस, तेवढंच. नवा कढीपत्ता आठवड्यात लागला.

पण सिस्टर म्हटलं की मला आठवतो तो नानाजींच्या तुळशीचा हिवाळा.

नानाजी म्हणजे आमच्या रांगेतलं शेवटचं घर. आयुष्यभर कपाशी आणि तूर पिकवलेला माणूस, वावर आता धाकटा भाऊ पाहतो, मुलगा पुण्याला. त्यांच्या बायकोला आम्ही अनसूयाकाकू म्हणायचो. त्या वर्षी पावसाळा सरता सरता काकू गेल्या. यवतमाळच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी नानाजींचा हात धरून त्यांनी एकच गोष्ट मागितली, "माह्या तुळशीले पाणी घालत जा. एक दिस चुकवू नका." ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा गिलास भरून घेतला नव्हता, त्यानं ते वचन असं धरलं की विचारू नका. पहाटे आंघोळ, ओल्या अंगानं अंगणात, तांब्याभर पाणी तुळशीला. मनात आलं की दुसरा तांब्या, काकूंच्या वाट्याचा.

काकूंची तुळस मोठ्या मातीच्या कुंडीत, अंगणातल्या कट्ट्यावर. कट्टा घराच्या उत्तरेला, सकाळचं ऊन दहा वाजेपर्यंत तिथं पोचत नाही. मार्गशीर्ष लागला, हिव वाढलं, आणि एका सकाळी सिस्टर तिथून जाता जाता थांबल्या. बोट कुंडीत गेलं. बाहेर आलं ते चिखलानं भरलेलं.

"नानाजी, पाणी बंद करा इचं."

"काय म्हणता?"

"मुळं कुजून राह्यली. थंडीत ते पाणी पीत नाई, अन् तुम्ही तांब्यावर तांब्या घालून राह्यले."

नानाजी उखडले. "सिस्टर, साठ वर्षं वावर केलं म्या. तुम्ही सुया टोचल्या. मले झाड शिकवता?" आणि मग आवाज खाली आणून, "तिले शब्द देला हाये म्या. पाणी बंद नाई होणार."

मी फाटकात उभी होते. मला वाटलं आता सिस्टर जुंपणार. पण नाही. बोट पदराला पुसलं आणि चालू लागल्या. मला एवढंच म्हणाल्या, "शब्दाशी कोण भांडंल, मॅडम?"

आठवडाभरात तुळशीची पानं काळी पडून लोंबायला लागली. नानाजींनी पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली. शेवटी एका सकाळी शेजारचं फाटक करकरलं म्हणून मी बाहेर डोकावले, तर नानाजी ती भलीमोठी कुंडी दोन्ही हातांत कवटाळून सिस्टरांच्या फाटकाशी उभे. वय सत्तरीच्या पुढं, श्वास लागलेला, धोतरावर चिखल. समोरच्या राऊतवहिनी तुळशीला नमस्कार करून म्हणाल्या, "नानाजी, दारची तुळस अशी दुसऱ्याच्या घरी ठेवाव का? अन् यायच्या घरी तर..." पुढचं त्यांनी गिळलं, पण सगळ्यांना कळलं. सिस्टरांच्या घरी बुद्धवंदना होते, तुळशीची पूजा होत नाही, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

सिस्टरांनी कुंडी नानाजींच्या हातातून घेतली. "वहिनी, तुमच्यासाठी ते देवी हाये, माह्यासाठी पेशंट हाये. हिव दोघीलेबी तेवढंच लागते." आणि आत गेल्या.

मग जे काम झालं ते पाहायला मी शाळेला उशीर केला, कबूल करते. कुंडी आडवी केली. खालचं भोक बुजलेलं होतं, केसांतला आकडा काढून ते मोकळं केलं. अर्धी बादली काळं पाणी निघालं. वरची ओली माती खरवडून कोरडी भरली, तिच्यावर कुटार. तुळशीवर मंजिऱ्या वाळून उभ्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "नानाजी, ह्या तुम्ही काढा. तुमच्या हातानं." नानाजींनी एकेक खुडली. सिस्टरांनी त्या गोळ्यांच्या कागदी पुडीत घातल्या, वर लिहिलं "अनसूयाकाकू", आणि पुडी कपाटात ठेवली.

नानाजी पायरीवर बसले होते. "सिस्टर, सगळं करा. पण माहं पाणी?"

सिस्टरांनी कमरेवर हात ठेवले. मग आत गेल्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेऊन आल्या, ते आत रेघा मारलेलं, औषध मोजायचं. नानाजींच्या तळहातावर ठेवलं.

"रोज आंघोळ करून या. हे झाकण भरा, विहिरीच्या पाण्यानं. तिले घाला. एक थेंब जास्त नाई."

"एवढुसं?"

"काकूनं किती घाला म्हणून सांगितलं होतं?"

नानाजींनी खूप आठवून पाहिलं. "किती ते नाई. घालत जा, एवढंच म्हणे."

"मंग झालं तर. हा डोस."

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीला रोजचा एक देखावा झाला. सूर्य वर आला की नानाजी आंघोळ करून, डोक्याला मफलर गुंडाळून, चिमटीत ते झाकण धरून, पाणी सांडू नये म्हणून पावलं मोजत रस्त्यानं यायचे. पोट्टे हसायचे. राऊतवहिनी हसायच्या. नानाजी कुणाकडे बघायचे नाहीत. ओसरीवर यायचे, झाकण तुळशीच्या बुडाशी ओतायचे, हात जोडायचे. सिस्टर त्या वेळी मुद्दाम आत काही तरी करत असायच्या.

पौषात थंडीची लाट आली. शाळेची वेळ पुढं ढकलली, चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या, दहिवर इतकं पडायचं की सकाळी तारेवरून पाणी ठिबकायचं. सिस्टरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ऊन कलायला लागलं की साड्या घेऊन निघायच्या. वॉर्डातली झाडं झाकून झाली की ज्यांची झाडं जमिनीत आहेत, हलवता येत नाहीत, त्यांच्या अंगणात. राऊतांच्या केळीला पोतं गुंडाळलं, देशमुखांच्या आंब्याच्या कलमाला तुराट्यांचा पिंजरा केला. साड्या संपल्या तेव्हा मी माझ्या दोन दिल्या, एक तर बरी होती. सकाळी पुन्हा तीच फेरी, काढत काढत. गुडघे दुखायचे, तोंडाचा पट्टा चालू असायचा. त्या लाटेत बाभुळगावात किती बागा करपल्या असतील देव जाणे, आमच्या रांगेतलं एक झाड गेलं नाही. हे मी छाती फुगवून सांगते, आणि त्यात माझा वाटा दोन साड्यांचा आहे.

फक्त तुळस. तिची पानं आधी अर्धी गळाली, मग सगळी. संक्रांत येईपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. नानाजी तरी झाकण घेऊन यायचे, काड्यांना पाणी घालायचे, पण हात जोडताना आता खाली बघायचे. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, बाजारातून नवी आणा ना, तुळस ती तुळस." नानाजींनी फोन तसाच ठेवून दिला.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा त्यांच्या हातात झाकण नव्हतं. खांद्यावर स्वच्छ धुतलेलं उपरणं होतं.

"सिस्टर, द्या आता तिले. नदीत सोडून येतो. अशी काड्या करून ठेवनं बरं नाई. माह्याच हातानं मेली ते." आणि मग तिथंच पायरीवर बसून ते रडले. मोठ्यानं नाही. पण मी त्या माणसाला काकूंच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

त्या वेळी ओसरीवर आणखी दोघी होत्या. झरीकडच्या पोडावरून भीमाबाई दर संक्रांतीला सिस्टरांकडे यायची, फडक्यात चारोळी बांधून. सोबत तिची मुलगी, उंच, दोन वेण्या, यवतमाळला नर्सिंगला शिकणारी. मी तिळगूळ द्यायला गेले होते. सिस्टर नानाजींना काही म्हणणार, तेवढ्यात भीमाबाईच बोलली.

"बुवा, ही माही पोट्टी पाह्यली का? हीबी गेलती."

"चूप बस वं," सिस्टर म्हणाल्या.

"काहून चूप बसू? अशीच थंडी होती. पोट्टी झाली अन् रडेच ना. निळी पडली. घरातले सगळे गोधडीवर गोधडी टाकून राह्यलते तिच्यावर. सासू म्हणे, गेली. तितक्यात सिस्टर आल्या, पायी, नाल्यातून, गुडघ्यापातूर भिजलेल्या. म्हणे, म्या पाह्यल्याबिगर गेली म्हणायचं नाई कोणं. साऱ्या गोधड्या फेकल्या. म्हणे, ओली हाये पोट्टी, ओलीवर पांघरूण घालता का बह्याडांनो? लुगड्यानं पुसू पुसू कोरडी केली. मंग आपल्या पोलक्यात घातली, छातीशी, अन् वरून गोधडी. बैलगाडीत बसून दवाखान्यापातूर तशीच. वाटंत रडली पोट्टी."

मुलगी लाजून जमिनीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली. 'पह्यले कोरडं, मंग गरम' हे वाक्य मी झाडांचं समजत होते. ते या पोरीचं होतं.

सिस्टर मात्र चिडल्या होत्या. स्वतःची गोष्ट कुणी सांगितली की त्या चिडायच्याच. "झालं का पुराण? नानाजी, उठा. मेली का नाई ते म्या सांगीन. मेल्याबिगर म्या सर्टिफिकेट देत नाई."

कुंडी उन्हात ओढली. वरच्या काडीवर नखानं ओरखडा काढला. तपकिरी. त्याच्याखाली दुसरा. तपकिरी. तिसऱ्या काडीचा तर तुकडाच हातात आला. नानाजींनी मान फिरवली. भीमाबाई पुढं सरकली, तिची मुलगी वाकली, मीही. सिस्टरांनी कुटार बाजूला केलं, बुंध्याशी जिथं खोड बोटाएवढं जाड होतं तिथं बोट टेकवलं, आणि थांबल्या.

"इथं तुम्ही पाहा, नानाजी."

"माह्यानं होत नाई."

"शब्द तुम्ही देला का म्या? नख लावा."

नानाजी वाकले. साठ वर्षं मातीत राबलेलं जाडजूड नख त्यांनी खोडावर हलकेच ओढलं. साल निघाली. खाली हिरवं होतं. ओलसर, कोवळं हिरवं, गव्हाच्या दाण्याएवढं. आणि त्या एवढ्याशा जखमेतून तुळशीचा वास आला. आम्हा सगळ्यांना आला. नानाजींनी नख नाकाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

"जित्ती हाये," सिस्टर म्हणाल्या. "जा, आंघोळ केली ना? झाकण घेऊन या. आजचा डोस राह्यला."

सत्तरी ओलांडलेला तो माणूस रस्त्यानं धावत गेला. खरंच धावत. राऊतवहिनी दारात येऊन बघत राहिल्या, आणि या वेळी कुणीही हसलं नाही.

महाशिवरात्रीच्या सुमारास बुंध्याशी दोन हिरवे ठिपके आले. होळीपर्यंत त्यांच्या फांद्या झाल्या. होळीला वॉर्ड रिकामा व्हायचा, सगळ्यांना डिस्चार्ज. त्या दिवशी नानाजींच्या तुळशीला सोडायला अख्खी रांग आली होती, राऊतवहिनी आरतीचं ताट घेऊन. वहिनींनी आधी तुळशीला हळदकुंकू वाहिलं, मग थोडं थांबून सिस्टरांच्या हातात तिळगुळाची उरलेली वडी ठेवली. होळीला तिळगूळ! पण सिस्टरांनी खाल्ली. नानाजींनी झाकण परत द्यायला काढलं तर म्हणाल्या, "ठेवा. पुढचा हिवाळा हाये ना."

पुढच्या हिवाळ्यात मात्र सिस्टर नव्हत्या. गुडघ्यांनी अगदीच जवाब दिला आणि मुलीनं उमरखेडला न्यायचं ठरवलं. निघायचा दिवस आला तो नेमका दिवाळीनंतरचा, भरतीच्या हंगामातला. आदल्या संध्याकाळी लोक सवयीनं कुंड्या घेऊन फाटकाशी आले आणि कुंड्यांच्या जागी ट्रंका बघून घुटमळले. सिस्टरांनी ओसरीवरून हाक मारली, "इकडं काय पाहून राह्यले? नानाजीकडं न्या. वॉर्ड तिकडं गेला." आणि खरंच, नानाजींच्या घराच्या दक्षिणेला तुराट्यांची ताटी उभी होती. काकूंची तुळस कट्ट्यावरून उचलून ओळीत सगळ्यात पहिली ठेवलेली. साठ वर्षं वावर केलेल्या त्या शेतकऱ्यानं हातात चिकटपट्टी आणि बॉलपेन घेतलं होतं आणि राऊतवहिनींना सांगत होता, "वहिनी, पाणी पाजून आणलं हे. पह्यले कोरडं होऊ द्या." मी तो आवाज ऐकला आणि इतका अभिमान वाटला की काय सांगू, जसं काही मीच शिकवलं होतं त्यांना!

सकाळी बस स्टँडवर आम्ही सगळे गेलो. सकाळ गार होती. सिस्टर खिडकीशी बसल्या, निळ्या काठाची पांढरी साडी, पायाशी ट्रंक. बस सुटायला थोडा वेळ होता. नानाजी गर्दीतून पुढं आले. हातात पत्र्याच्या डब्यात एक वीतभर रोप होतं, तुळशीचं.

"पुडीतल्या मंजिरीचं हाये," ते म्हणाले. "तुम्ही मले देलती ना पुडी, होळीले. पेरली म्या. ही अनसूयेची लेक." मग घाईनं, "पूजा नका करू. पेशंट म्हणून न्या."

सिस्टरांनी खिडकीतून दोन्ही हातांनी डबा घेतला. मांडीवर ठेवला. आम्हाला वाटलं आता काही तरी बोलतील, निदान या वेळी तरी. त्यांनी तर्जनी मातीत खुपसली. दुसऱ्या पेरापर्यंत. डोळे बारीक. सगळा स्टँड थांबल्यासारखा आम्ही थांबलो.

"ओलं हाये. किती घातलं?"

"एकच झाकण," नानाजी म्हणाले.

सिस्टरांनी अंगठ्यावर माती चोळली आणि मान हलवली. "बरोबर हाये."

नानाजींनी मफलरचं टोक डोळ्यांना लावलं. बस हलली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले, हलवायला लागलो, मी तर बसच्या बाजूनं चार पावलं चाललेसुद्धा. सिस्टरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, मग मांडीवरच्या रोपाकडे पाहिलं, आणि खिडकीची काच जोर लावून खाडकन बंद करून घेतली. पेशंटला गार वारा लागत होता.